जिल्हा परिषदेच्या शाळेत आरोग्याचा तास: सुरू कसा करायचा, टिकवायचा कसा

आपल्या सरकारी शाळांत आरोग्याचे ‘दिन’ भरपूर साजरे होतात. जंतनाशक दिन होतो, हात धुण्याचा दिवस होतो, तंबाखूविरोधी शपथ होते, मासिक पाळीवर एखाद्या डॉक्टरबाईंचं भाषण होतं. फोटो निघतात, अहवाल वर जातो. आणि पुढच्याच महिन्यात सातवीतली मुलगी पाळी आली म्हणून तीन दिवस घरी बसते, कारण शाळेच्या शौचालयात पाणी नसतं. आरोग्यशिक्षण शाळेत रुजायचं असेल तर वेळापत्रकात आठवड्याला एक पक्का तास हवा, तो शाळेच्याच शिक्षकांनी घ्यायला हवा, आणि त्या तासात जे शिकवलं त्याच्यामागे प्रत्यक्ष सोय उभी असायला हवी. हा लेख त्यासाठी आहे. मुख्याध्यापक, शिक्षक आणि शाळा व्यवस्थापन समितीतले पालक, तिघांनीही तो हाताशी ठेवावा.

नव्या आदेशाची वाट बघायचं कारण नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये केंद्राच्या आरोग्य आणि शिक्षण मंत्रालयांनी मिळून आयुष्मान भारतखाली शालेय आरोग्य कार्यक्रम सुरू केला. प्रत्येक शाळेत दोन शिक्षक, शक्यतो एक बाई आणि एक सर, आरोग्यदूत म्हणून नेमायचे, त्यांच्या मदतीला प्रत्येक वर्गातले दोन विद्यार्थी घ्यायचे, आणि आठवड्याला एक तास घ्यायचा, अशी त्याची रचना आहे. विषय अकरा: निरोगी वाढ, भावनिक आरोग्य, नातेसंबंध, मूल्यं आणि नागरिकत्व, स्त्री-पुरुष समानता, पोषण व स्वच्छता, व्यसनं, निरोगी जीवनशैली, प्रजनन आरोग्य आणि एचआयव्ही, हिंसा व अपघातांपासून सुरक्षितता, इंटरनेटचा सुरक्षित वापर. यादी चांगली आहे. पण कार्यक्रम जाहीर झाला आणि महिनाभरातच कोविडमुळे शाळांना टाळं लागलं. पुष्कळ शाळांत तो आजही कागदावरच आहे. तुमच्या शाळेत तसं असेल तर कामाला लागा, परवानगी आधीच मिळालेली आहे.

आधी आपली शाळा वाचा

शाळा उघडली की पहिला आठवडा नोंदी बघण्यात घाला. हजेरीपट काढून सहावीपासून पुढच्या मुलींच्या गैरहजेऱ्या महिनावार बघा. दर महिन्याला ठरावीक दोन-तीन दिवस सुटलेले दिसतात का? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा येऊन मुलांची तपासणी करतं. २०१३ मध्ये आपल्या पालघरमधूनच हा कार्यक्रम देशभर सुरू झाला. त्या तपासणीत किती मुलांना चष्मा सांगितला आणि किती जणांच्या नाकावर तो आला, दात किती जणांचे किडलेले निघाले, कोणाला जिल्हा रुग्णालयात पाठवलं आणि कोण गेलंच नाही, हे तपासलं की अभ्यासक्रमाचा निम्मा भाग आपोआप समोर येतो.

मग आशाताई आणि उपकेंद्रातल्या सिस्टर यांच्याशी तासभर बसा. गावात गेल्या वर्षी अल्पवयीन मुलींची किती लग्नं झाली, हे त्यांना कुठल्याही अहवालापेक्षा नीट माहीत असतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचं लग्न अठरा पूर्ण होण्याआधी झालेलं होतं. हा राज्याचा आकडा. तुमच्या गावचा वेगळा असेल.

सगळ्या जिल्ह्यांना एकच क्रम चालत नाही. गडचिरोली-चंद्रपूरकडे खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) सगळ्यात आधी घ्यावा लागेल. नंदुरबारच्या आश्रमशाळेत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार टाळून आरोग्य शिकवताच येणार नाही. बीडमध्ये ऊसतोड आणि बालविवाह. यवतमाळ, चंद्रपूरच्या काही भागांत पाण्यातलं फ्लोराइड. कोकणात साप आणि विंचू. विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचा उपचार महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी जगापुढे ठेवला, हे कोकणातल्या मुलांना अभिमानाने सांगावं आणि त्याच तासात दंशाचा प्रथमोपचारही शिकवावा. साप चावल्यावर घट्ट दोरी बांधायची नाही, चिरा द्यायचा नाही, चावलेला भाग हलू द्यायचा नाही, १०८ ला फोन करायचा आणि प्रतिविष मिळेल अशा दवाखान्यात तडक जायचं. एवढ्या माहितीवर जीव वाचतो.

पालकांना पाठ उघडून दाखवा

ही पायरी गाळली की पुढचं सगळं कोसळतं. २००५ मध्ये केंद्राने किशोरवयीन शिक्षण कार्यक्रम आणला होता, त्यात लैंगिक शिक्षणही होतं. २००७ मध्ये अनेक राज्यांनी त्यावर बंदी घातली आणि त्यांत महाराष्ट्र होता. १९२१ साली र. धों. कर्व्यांनी ज्या मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, त्याच मुंबईतल्या विधिमंडळात त्या कार्यक्रमातल्या काही चित्रांवरून गदारोळ व्हावा याचं मला फार वाईट वाटतं. पण त्यातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. पालकांनी साहित्य स्वतः पाहिलेलं नसेल तर अफवा त्यांच्यापर्यंत आधी पोचते.

शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या सदस्य स्त्रिया असतात. जुलैच्या बैठकीत विषय घ्या, ठराव करा, कार्यवृत्तात नोंदवा. पुढे कोणी आक्षेप घेतला तर तो ठराव शिक्षकाच्या पाठीशी उभा राहतो. त्यानंतर माता-पालकांची वेगळी बैठक घ्या आणि वडिलांची वेगळी. वडील येत नाहीत ही नेहमीची तक्रार. रविवारी सकाळी किंवा ग्रामसभेला जोडून बोलवलं तर येतात.

बैठकीत सुरुवात पालकांच्या स्वतःच्या काळजीपासून करा. मुलाच्या हातातला मोबाइल, टपरीवरच्या पुड्या, परिपाठाला उभी असताना चक्कर येऊन पडणारी मुलगी, पेपरात येणाऱ्या लहान मुलांवरच्या अत्याचाराच्या बातम्या. मग वर्षभराचे पाठ त्यांच्या हातात द्या आणि चाळू द्या. ‘हे शिकवलं तर पोरं बिघडतील’ असं कोणीतरी म्हणेलच. त्या माणसाला गप्प करू नका. युनेस्कोने २०१८ मध्ये लैंगिक शिक्षणाची मार्गदर्शक तत्त्वं सुधारताना जगभरातला पुरावा तपासला. अशा शिक्षणाने मुलं लवकर शरीरसंबंधांकडे वळतात असं त्यात दिसलं नाही. उलट काही ठिकाणी ती उशिरा वळली. सर्वोच्च न्यायालयानेही सप्टेंबर २०२४ मधल्या एका निकालात सर्वंकष लैंगिक शिक्षणाचा विचार करायला सरकारला सुचवलं आहे. शेवटी पालकांना एकच विचारा: आपण नाही सांगितलं तर मुलं हे कुठून शिकणार? उत्तर सगळ्यांच्या खिशात असतं.

तास कोण घेणार

बाहेरचा वक्ता वर्षातून एकदा-दोनदा यावा, जास्त नको. मुलांना प्रश्न गुरुवारी रात्री पडतो आणि शुक्रवारी शाळेत दिसणाऱ्या माणसालाच ती तो विचारतात. म्हणून शाळेतलेच दोघं निवडा. विज्ञानाचे शिक्षकच हवेत असं नाही. मुलं ज्यांच्याजवळ रडतात, ज्यांच्याशी भांडतात, ते निवडा.

दोनशिक्षकी शाळेत, त्यातही दोघंही पुरुष असतील तर, अडचण खरी आहे. अशा वेळी केंद्रप्रमुखांना (आसपासच्या शाळांच्या गटाच्या प्रमुखांना) मध्ये घ्या. शेजारच्या शाळेतल्या बाई महिन्यातून एका दिवशी इकडे आणि आपले सर तिकडे, अशी अदलाबदल केंद्रपातळीवर बसवता येते. अंगणवाडी सेविका आणि उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकारी यांचीही मदत घ्या.

प्रशिक्षण जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेकडून मिळतं, ते मागून घ्या. पण एक सराव कुठल्याच प्रशिक्षणावर सोडू नका. आपल्या शाळाकेंद्राच्या शिक्षण परिषदेत दोन-दोन शिक्षकांनी समोरासमोर बसून शिश्न, वृषण, योनी, स्तन, गर्भाशय, वीर्य हे शब्द मोठ्याने, वाक्यांत वापरून बोलायचे. पहिल्यांदा हसू येतं, चौथ्यांदा येत नाही. शिक्षक अडखळला की वर्ग खिदळतो आणि तो पाठ तिथेच संपतो. शिवाय अवयवांची नावं माहीत असलेलं मूल आपल्याला कुठे हात लावला गेला हे स्पष्ट सांगू शकतं.

वेळापत्रक

पहिली-दुसरीत हात धुणं, दात, शरीराचे अवयव, आपल्या शरीरावर आपला हक्क, सुरक्षित आणि असुरक्षित स्पर्श, ‘नाही’ म्हणणं आणि विश्वासाच्या माणसाला सांगणं. तिसरी ते पाचवीत आहार, जंत, रस्त्यावरची आणि पाण्याजवळची सुरक्षितता, राग आणि भीती ओळखणं. पाचवी संपायच्या आत पाळीची ओळख झालीच पाहिजे. काही मुलींना ती दहाव्या-अकराव्या वर्षी येते आणि रक्त बघून आपल्याला मोठा आजार झाला असं त्या समजतात. सहावी ते आठवीत वयात येणं, रक्तक्षय, तंबाखू, मैत्री आणि दादागिरी, मोबाइल. नववी-दहावीत नातेसंबंध आणि संमती, गर्भधारणा, एचआयव्ही, मानसिक आरोग्य, कायदे. अकरा विषयांपैकी काही तुमच्या बालभारतीच्या पुस्तकात आधीच आहेत: आठवीच्या विज्ञानात आरोग्य व रोग, दहावीत प्रजनन आणि सामाजिक आरोग्य. ते पाठ आरोग्याच्या तासाला जोडून घेतले की वेळही वाचतो आणि ‘हे अभ्यासक्रमात आहे का’ या प्रश्नाला उत्तरही मिळतं. दहावीतला प्रजननाचा धडा ‘घरी वाचा’ म्हणून ढकलणं मात्र यापुढे बंद करा.

तास कुठला घ्यायचा? शेवटचा नको, पाऊस आला, सभा लागली की तोच उडतो. मधल्या सुट्टीच्या आधीचा घ्या. वार एकच ठेवा.

आता ऊसतोडीच्या पट्ट्यातल्या शाळांसाठी खास. दसरा-दिवाळीनंतर कुटुंबं कारखान्यांकडे निघतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. बरीच मुलं बरोबर जातात, उरलेली हंगामी वसतिगृहात किंवा आजीकडे राहतात. वर्षाचे पाठ जून ते मार्च असे सारखे वाटले तर सगळ्यात जास्त धोक्यात असलेलं मूल निम्म्या पाठांना नसतंच. म्हणून पाळी, स्पर्शसुरक्षा, बालविवाह, १०९८ हा मुलांच्या मदतीचा फोन क्रमांक आणि पाणी शुद्ध करणं, हे सगळं सप्टेंबरअखेर संपवा. निघताना प्रत्येक मुलाच्या वहीच्या मागच्या पानावर महत्त्वाचे फोन क्रमांक त्याच्याच अक्षरात लिहून घ्या.

वर्गात प्रत्यक्ष

प्रश्नपेटीपासून सुरुवात करा. पत्र्याचा डबा, वर फट, कुलूप. आठवडाभर चिठ्ठ्या पडू द्या, नाव लिहायचं नाही. तासाच्या आदल्या दिवशी दोन्ही आरोग्यदूतांनी चिठ्ठ्या वाचून उत्तरं तयार करायची. उत्तर येत नसेल तर ‘पुढच्या तासाला विचारून सांगते’ म्हणायचं आणि खरोखर सांगायचं. सगळ्यांनी चिठ्ठी टाकायची, प्रश्न नसेल त्यांनी कोरी टाकायची, असा नियम ठेवा. मग कोण लिहितंय हे कळत नाही.

पाळीचा पाठ मी असा घ्यायला सांगेन. पाचवी-सहावीत मुलींबरोबर बाईंनी आधी एकदा वेगळं बसावं. त्यानंतर सहावी-सातवीत मुलं-मुली एकत्र, फलकावर गर्भाशयाचं चित्र, सरळ विज्ञान. मुलग्यांना बाहेर पाठवलं की खिडकीबाहेरून ती चिडवायचंच शिकतात. सांगायच्या गोष्टी ठरावीक आहेत. रक्तस्राव साधारण दोन ते सात दिवस राहतो. सुरुवातीची एक-दोन वर्षं पाळी मागेपुढे होते आणि त्यात घाबरण्यासारखं नसतं. पॅड किंवा कापड चार ते सहा तासांनी बदलायचं. कापड साबणाने धुऊन उन्हातच वाळवायचं, गोधडीखाली लपवून नाही. सात दिवसांहून जास्त रक्त जात असेल, तासातासाला पॅड भिजत असेल किंवा पंधरा वर्षं पूर्ण होऊनही पाळी आली नसेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवायचं. लोणच्याला हात लावायचा नाही, बाजूला बसायचं, हे विषय निघतीलच. घरच्यांची टिंगल करू नका, पण शरीरात अशुद्ध काही होत नाही आणि या दिवसांत जेवण तोडायचं नाही, हे ठामपणे सांगा.

मुलग्यांचा पाठ बहुतेक शाळांत होतच नाही, आणि हा मोठा अन्याय आहे. आवाज फुटणं, झोपेत वीर्य जाणं, उंचीची तुलना, याबद्दल त्यांच्याशी कोणी बोलत नाही. बोलतात ते एसटी स्टँडच्या भिंतीवर जाहिराती रंगवणारे भोंदू. झोपेत वीर्य जाणं नैसर्गिक आहे आणि त्याने अशक्तपणा येत नाही, सरांच्या तोंडून ऐकलेल्या एवढ्या वाक्याने एखाद्या पोराची वर्षभराची धास्ती जाते.

तंबाखूच्या पाठात कर्करोगाचे फोटो दाखवून थांबू नका. आठवीतल्या पोराला पन्नाशी फार लांब दिसते. त्याऐवजी गणित मांडा: आपल्या गावात एक खर्रा कितीला, दिवसाला किती, वर्षाचे किती, त्यात काय आलं असतं. मग दोघा-दोघांना उभं करून आग्रह आणि नकार यांचा सराव घ्या, मैत्री न तोडता ‘नको’ कसं म्हणायचं याची वाक्यं मुलांकडूनच काढून घ्या. घरात आजी-आई मशेरी लावत असतील तर तीही तंबाखूच आहे, हे पुष्कळ मुलांना इथेच पहिल्यांदा कळतं.

धड्यामागची सोय

रक्तक्षय घ्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या त्याच पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९.१ टक्के मुलींना तो होता. सहावीपासून पुढच्या मुला-मुलींना आठवड्याला एक निळी गोळी मिळते: ६० मिलिग्रॅम लोह, ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड. पहिली ते पाचवीला गुलाबी, ४५ मिलिग्रॅम लोहाची. गोळ्या शाळेत येतात, पण खाल्ल्या जात नाहीत, कारण कोणीतरी उपाशीपोटी घेऊन मळमळलं आणि बातमी पसरली. म्हणून गोळी पोषण आहार झाल्यावरच, ठरलेल्या वारी, शिक्षकांसमोर द्या. शौचाला काळी होईल आणि त्यात धोका नाही, हे आधीच सांगा. शिक्षकांनी स्वतःची गोळी मुलांबरोबर घेतली तर भीती लवकर जाते. चहाबरोबर लोह अंगी लागत नाही, लिंबू-आवळ्याबरोबर लागतं, हे त्याच वेळी शिकवा. ताटात लिंबाची फोड द्यायला फारसा खर्च येत नाही. १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टच्या जंतनाशक मोहिमांतली गोळी चावून खायची. सिकलसेल किंवा थॅलेसेमिया असलेल्या मुलांना लोहाची गोळी देण्याआधी वैद्यकीय अधिकाऱ्यांना विचारा. दहाव्या आणि सोळाव्या वर्षीचं टीडीचं (धनुर्वात-घटसर्पाच्या लसीचं) इंजेक्शनही याच यादीत टाका.

शौचालयात पाणी, दाराला आतून कडी, झाकणाचा डबा आणि पॅडची विल्हेवाट, एवढं झाल्याशिवाय पाळीचा पाठ अर्धाच समजा. ग्रामपंचायतीला मिळणाऱ्या वित्त आयोगाच्या निधीतला मोठा भाग पाणी आणि स्वच्छतेसाठीच राखलेला असतो. ग्रामपंचायतीच्या आराखड्यात शाळेचं काम घालायला सरपंचांकडे लेखी मागणी द्या, आणि ती मुलींच्या मातांच्या सह्यांनी द्या. पॅड, साबण अशा किरकोळ गोष्टी शाळा अनुदानातून होतात.

शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायला २००३ च्या कायद्याने मनाई आहे, आणि अल्पवयीनाला विकणं कुठेही गुन्हा आहे. टपरीवाला बहुधा गावचाच, कोणाचा तरी काका असतो. आधी समितीने जाऊन बोलावं, मग लेखी द्यावं, मग पोलिसांत जावं. मुलांना या भांडणात पुढे करू नका. मानसिक त्रासासाठी टेलि-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक फलकावर कायम लिहिलेला असू द्या.

मूल काही सांगतं तेव्हा

स्पर्शाचा पाठ नीट झाला तर एखादं मूल नक्की काहीतरी सांगायला येईल. त्याची तयारी पाठ घेण्याआधी हवी. शांतपणे ऐका. ‘तू बरं केलंस सांगितलंस’ आणि ‘तुझी चूक नाही’ ही दोन वाक्यं म्हणा. ‘कोणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका, कारण ते पाळता येणार नाही. खोदून खोदून विचारू नका, चार जणांसमोर पुन्हा वदवून घेऊ नका. मूल जे बोललं ते त्याच्याच शब्दांत लगेच लिहून ठेवा.

मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पोक्सो कायदा, २०१२ नुसार असा गुन्हा कळल्यावर किंवा तशी शंका आल्यावर पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. न कळवणं हाच वेगळा गुन्हा आहे आणि संस्थाप्रमुखाने हाताखालच्या माणसाचं प्रकरण दडवलं तर शिक्षा जास्त आहे. ‘शाळेचं नाव जाईल’, ‘आधी समिती चौकशी करेल’ या सबबी कायद्यापुढे टिकत नाहीत, टिकूही नयेत. मुलांच्या सुरक्षिततेसाठी शाळेत नेमलेली सखी सावित्री समिती आणि तक्रारपेटी असायलाच हव्यात, पण त्या पोलिसांच्या जागी नाहीत. मुलाचा जबाब घरी किंवा त्याला सोयीच्या जागी, गणवेशात नसलेल्या आणि शक्यतो महिला अधिकाऱ्याने घ्यायचा असतो. पालकांना हा हक्क सांगा. १०९८ वर फोन करून बाल कल्याण समितीची मदत घ्या. मुलाचं नाव शिक्षकांच्या खोलीतसुद्धा उच्चारलं जाता कामा नये.

बालविवाह ठरल्याचं कळलं तरी १०९८ हाच क्रमांक. गावात ग्रामसेवक (आता पदाचं नाव ‘ग्रामपंचायत अधिकारी’) हे बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात. लग्नाच्या आदल्या रात्री धावपळ करण्यापेक्षा मुलगी आठवडाभर सलग गैरहजर दिसली की त्याच दिवशी घरी जा.

वर्षाअखेर

लेखी परीक्षा घेऊ नका. मार्चमध्ये जूनच्याच नोंदी पुन्हा काढा: मुलींच्या गैरहजेऱ्या, चष्मे, गोळ्यांचे आठवडे, रुग्णालयात पाठवलेल्यांपैकी पोचलेले, सातवीनंतर शाळा सुटलेल्या मुली. प्रश्नपेटीतल्या चिठ्ठ्याही वाचा. सुरुवातीला थट्टेचे आणि ऐकीव प्रश्न असतात. हळूहळू ‘माझ्या घरी’ असे प्रश्न यायला लागले तर मुलांचा विश्वास बसलाय असं समजा.

एक धोका मात्र जिल्हा परिषदेच्या प्रत्येक शाळेला आहे: बदली. दोन्ही आरोग्यदूत एकाच वर्षी गेले की तास बंद पडतो. म्हणून पहिल्या वर्षापासूनच तिसऱ्या शिक्षकाला तासाला बसवा. शाळेत एक आरोग्यवही ठेवा, त्यात प्रत्येक पाठाला काय चाललं, मुलांनी काय विचारलं, कोणत्या पालकांचा आक्षेप होता, प्राथमिक आरोग्य केंद्रात कोणाला फोन करायचा, हे सगळं लिहा, आणि बदलीच्या वेळी कपाटाच्या किल्ल्यांबरोबर तीही पुढच्यांच्या ताब्यात द्या. समितीतल्या दोन मातांना ती वही कुठे आहे हे माहीत असू द्या. नवे गुरुजी रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात ‘आरोग्याचा तास कुठल्या वारी ठेवताय?’ असं त्या मातांनीच विचारायचं.